नांदेड शोधलं आणि पुणं सापडलं

पुण्यात सिंहगड रस्त्यालगत नांदेड नावाचं जुनं गाव आहे. त्याच गावच्या जमिनीवर उभी राहिलेली ‘नांदेड सिटी’ ही मोठी वसाहत आता पुण्यात सगळ्यांना ठाऊक आहे. गोदाकाठच्या नांदेडहून ती चारशे किलोमीटरपेक्षा लांब. मोबाइलवर मात्र ही दोन्ही नांदेडं एकमेकांना खेटून उभी असतात. गोदाकाठच्या नांदेडातल्या वजिराबाद भागातल्या एसी दुरुस्तीवाल्यानं ‘नांदेड सिटी एसी रिपेअर’ हे शब्द निवडून गूगलवर जाहिरात लावली, तर त्याच्या मनात आपलं शहर असतं. जाहिरातीवर बोट ठेवणारं गिऱ्हाईक मात्र सिंहगड रस्त्यावरचं असू शकतं. फोन येतो, पत्ता विचारला जातो, घोटाळा लक्षात येतो आणि बोलणं तिथंच थांबतं. त्या एका क्लिकचे पैसे दुकानदाराच्या खात्यातून गेलेले असतात.

हे टाळता येतं. गूगलच्या जाहिरात-खात्यात ठिकाण निवडताना दोन मुख्य पर्याय असतात. पहिल्यात निवडलेल्या ठिकाणी प्रत्यक्ष असलेल्या माणसांनाच जाहिरात दिसते. दुसऱ्यात त्यांच्याबरोबर त्या ठिकाणाविषयी शोध घेणारी बाहेरची माणसंही धरली जातात. आपण काही बदललं नाही, तर दुसरा पर्याय लागू राहतो. एसी दुरुस्तीवाल्यानं पहिला पर्याय निवडावा आणि ‘पुणे’, ‘सिंहगड रोड’, ‘धायरी’ असे शब्द ‘निगेटिव्ह कीवर्ड’ म्हणून नोंदवावेत. मग त्या शब्दांच्या शोधात त्याची जाहिरात दिसतच नाही. काम काही मिनिटांचं आहे, पण ते करावं लागतं हे पहिल्यांदाच जाहिरात देणाऱ्याला कुठं ठळकपणे सांगितलेलं नसतं. शंभर-दोनशे रुपयांच्या हिशेबानं जाहिरात देणाऱ्या माणसासाठी ही आपोआप लागू होणारी सोय महागात पडते. ती उलट असायला हवी होती.

गंमत अशी, की एसी दुरुस्तीवाल्याला नुकसान करणारा हाच पर्याय त्याच नांदेडात गुरुद्वाऱ्याजवळच्या लॉजमालकाला हवा असतो. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये नांदेडला देह ठेवला. तिथलं तख्त सचखंड श्री हुजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. पंजाब, हरियाणा, दिल्लीहून भाविकांची रीघ वर्षभर असते. दसरा आणि होळीनंतरचा होला मोहल्ला या काळात शहरात खोली मिळणं अवघड होतं. अमृतसर आणि नांदेड यांना जोडणारी सचखंड एक्सप्रेस तर वाटेत मिळणाऱ्या लंगरासाठी देशभर प्रसिद्ध आहे. या गाडीचं तिकीट काढणारं लुधियान्याचं कुटुंब खोली शोधतं ते घरी बसून, प्रवासाच्या कितीतरी दिवस आधी. लॉजमालकानं जाहिरात फक्त नांदेड शहरापुरती लावली, तर हे कुटुंब त्याच्या हाती लागतच नाही. त्याला दुसरा पर्याय राहू द्यावा लागतो, किंवा पंजाब आणि दिल्ली निवडावी लागते.

शब्दही वेगळे लागतात. नांदेडकर पत्ता सांगताना वजिराबाद, शिवाजीनगर, श्रीनगर म्हणतो. लुधियान्याच्या माणसाला यातलं एकही नाव माहीत असण्याचं कारण नाही. त्याला माहीत असतं हुजूर साहिब. रेल्वे स्थानकाचं अधिकृत नावही ‘हुजूर साहिब नांदेड’ असंच आहे. तो इंग्रजीत, हिंदीत किंवा पंजाबीत विचारतो: गुरुद्वाऱ्यापासून चालत किती, लिफ्ट आहे का, वीस माणसांच्या जथ्याला एकत्र खोल्या मिळतील का, बस उभी करायला जागा आहे का. पाटीवर ‘सर्व सुविधांनी युक्त’ असं लिहिणाऱ्या लॉजपेक्षा या चार प्रश्नांची सरळ उत्तरं आपल्या पानावर देणारा लॉज त्याला आधी सापडतो. कारण शोधयंत्र शेवटी शब्दाला शब्द आणि गरजेला उत्तर जुळवत असतं.

जाहिरातींचा हा बाजार लिलावावर चालतो, आणि तो समजून घेतल्याशिवाय त्यात उतरू नये. शोधाच्या शब्दांवर बोली लावून क्लिकमागं पैसे घेण्याची कल्पना अमेरिकेतल्या ‘गोटू डॉट कॉम’नं १९९८ मध्ये आणली. गूगलनं ऑक्टोबर २००० मध्ये ३५० जाहिरातदारांसह ‘अ‍ॅडवर्ड्‌स’ सुरू केलं. २००२ मध्ये त्यांनीही क्लिकमागं पैसे आणि बोली ही पद्धत घेतली, पण त्यात एक महत्त्वाची भर घातली: जास्त बोली लावणारा वर जाईलच असं नाही. जाहिरात शोधाशी किती जुळते, लोक तिच्यावर क्लिक करण्याची शक्यता किती आणि क्लिक केल्यावर उघडणारं पान कामाचं आहे का, हेही तोललं जातं. २०१८ पासून या सेवेचं नाव ‘गूगल अ‍ॅड्‌स’ आहे. मूळ तत्त्व तेच राहिलं.

समजा, शेजारच्या लातुरात वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलींच्या दोन वसतिगृहांनी ‘नीट मुलींचं हॉस्टेल लातूर’ या शोधासाठी बोली लावली. पहिल्याची बोली २० रुपये, पण त्याचं पान सर्वसाधारण आहे. दर्जाला दहापैकी ४ गुण. दुसऱ्याची बोली १२ रुपयेच, पण त्याच्या पानावर खोल्यांचे फोटो, मेसचे दर, क्लासपासूनचं अंतर आणि रात्री दार कधी बंद होतं हे सगळं आहे, गुण ८. गुणाकार केला तर पहिल्याचे ८० होतात, दुसऱ्याचे ९६. दुसरं वसतिगृह वर दिसतं. त्याला पूर्ण १२ रुपयेही द्यावे लागत नाहीत, खालच्याला मागं टाकण्यापुरते, म्हणजे दहाच्या आसपास द्यावे लागतात. हिशेब ढोबळ आहे, खऱ्या लिलावात आणखी गोष्टी धरल्या जातात. पण कमी पैसेवाल्याला इथं नेटकेपणाच्या जोरावर जागा मिळू शकते, हे यातून नीट दिसतं. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर किंवा चौकातल्या फ्लेक्सवर ही सवलत कधी नव्हती.

खर्चाला किमान मर्यादा नाही. दिवसाला २०० रुपये ठरवले, तर एखाद्या दिवशी शोध जास्त आल्यास ४०० पर्यंत जाऊ शकतात. मात्र महिन्याची कमाल रक्कम दिवसाच्या ३०.४ पट, म्हणजे ६,०८० रुपये राहते. वर १८ टक्के जीएसटी. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला तो कर वळता करून घेता येतो, बिननोंदणीच्या छोट्या दुकानदाराला तो खर्चातच धरावा लागतो.

आता लातूरच्या डाळीकडं येऊ. लातूरची बाजार समिती तूर आणि सोयाबीनसाठी राज्यभर ओळखली जाते, आणि भोवती डाळ मिलचा मोठा उद्योग आहे. एखाद्या मिलमालकानं ‘लातूर तूर’ हे शब्द घेऊन जाहिरात लावली, की क्लिक भरपूर येतात. फोन मात्र येत नाहीत. याचं कारण त्याच्या खात्यातल्या शोधशब्दांच्या अहवालात सापडतं. ‘लातूर तूर भाव आजचा’, ‘लातूर मार्केट तूर बाजारभाव’ असे शोध करणारा औशाचा, निलंग्याचा, अहमदपूरचा शेतकरी असतो. पोती भरून ठेवलेली असतात आणि आडतीवर कधी न्यायची हे त्याला ठरवायचं असतं. त्याला डाळ विकत घ्यायची नाही, आणि मिलमालकाला त्याच्या क्लिकचे पैसे भरावे लागतात. ‘भाव’, ‘आजचा’, ‘बाजारभाव’, ‘आवक’, ‘हमीभाव’ हे शब्द वगळले, की हा खर्च थांबतो.

मिलमालकाला हवं असलेलं गिऱ्हाईक वेगळ्याच भाषेत विचारतं. मुंबईचा किंवा हैदराबादचा घाऊक व्यापारी ‘तूर फटका’, ‘सव्वा नंबर’ असं लिहितो, पुढं ‘मिल रेट’ किंवा ‘होलसेल’ जोडतो. असे शोध थोडे असतात, पण एकेक शोध ट्रकभर मालाचा असू शकतो. बोलीभाषेतले, धंद्यातले हे शब्द गूगलनं सुचवलेल्या यादीत सापडतीलच असं नाही. ते मिलच्या गादीवर बसणाऱ्याला माहीत असतात. म्हणून जाहिरातीचं काम पुण्या-मुंबईच्या एजन्सीकडं सोपवलं, तरी शब्दांची यादी मालकानं स्वतः लिहून द्यावी. गिऱ्हाईक फोनवर काय बोलतं, हे त्याच्याइतकं कुणी ऐकलेलं नसतं.

लिपीचा प्रश्नही लहान नाही. केपीएमजी आणि गूगल यांच्या एप्रिल २०१७ च्या अहवालानुसार २०१६ मध्येच भारतीय भाषांतून इंटरनेट वापरणारे २३ कोटी ४० लाख होते आणि इंग्रजीतून वापरणारे १७ कोटी ५० लाख. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलचा आवाजी शोध मराठीत आला. तरीही मराठवाड्यात एकाच घरात तिघं तीन तऱ्हेनं शोधतात: आजोबा फोनला मराठीत बोलून विचारतात, वडील रोमन लिपीत मराठी लिहितात आणि मुलगी इंग्रजीत टाइप करते. फोनची भाषा अनेकदा इंग्रजीच असते. देवनागरी, रोमन मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही रूपांत शब्द नोंदवणं म्हणूनच शहाणपणाचं आहे.

लातूरचा मोठा जाहिरातदार मात्र डाळच नव्हे, शिक्षणही आहे. राजर्षी शाहू महाविद्यालयातून नावारूपाला आलेला परीक्षेच्या तयारीचा ‘लातूर पॅटर्न’ राज्यभर पसरला. त्या काळात तिथं प्राचार्य असलेले डॉ. जनार्दन वाघमारे पुढं १९९४ मध्ये नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. महाविद्यालयांभोवती खासगी क्लास वाढले, क्लासभोवती वसतिगृहं, मेस, डबेवाले, अभ्यासिका, झेरॉक्सची दुकानं. ‘ट्यूशन एरिया’ हे नाव लातुरात रिक्षावाल्यालाही पुरतं. दहावीचा निकाल लागला, की बीड, धाराशिव, परभणी, हिंगोलीतले पालक मोबाइल घेऊन बसतात. त्या काही आठवड्यांत क्लासच्या शब्दांची बोली चढते. छोट्या मेसवालीनं त्याच शब्दांच्या मागं लागून पैसे जाळू नयेत. ‘लातूर नीट क्लास’ ऐवजी ‘ट्यूशन एरिया मेस’, ‘लातूर घरगुती डबा मुलींसाठी’ असे शब्द तिला स्वस्त पडतात आणि थेट तिच्या दारात माणूस आणतात.

क्लासच्या जाहिरातींबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी, कारण इथं पणाला लागतात ती सोळा-सतरा वर्षांची मुलं आणि शेतीच्या उत्पन्नावर घर चालवणारे त्यांचे आईबाप. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं १३ नोव्हेंबर २०२४ रोजी कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं काढली. यशाची हमी देता येत नाही. निवड झालेल्या विद्यार्थ्याचं नाव किंवा फोटो वापरायचा तर निकालानंतर त्याची लेखी संमती घ्यावी लागते. त्यानं कोणता अभ्यासक्रम केला आणि तो किती काळाचा होता, हे फोटोसोबत सांगावं लागतं. खुलासा बारीक टाइपात लपवता येत नाही, तो दाव्याच्याच आकाराच्या अक्षरात हवा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करण्याची तरतूद ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये आहे. नियम वर्तमानपत्राइतकेच मोबाइलवरच्या जाहिरातीलाही लागू आहेत. फक्त चाचणी परीक्षांपुरत्या आलेल्या मुलाचा फोटो संपूर्ण अभ्यासक्रमाचं यश म्हणून छापणं ही फसवणूक आहे, आणि जाहिरात मोबाइलवर चार दिवस दिसून नाहीशी होते म्हणून ती लहान ठरत नाही.

स्पर्धक क्लासच्या नावावरच बोली लावण्याचा प्रकारही होऊ शकतो. एका क्लासचं नाव शोधलं, की वर दुसऱ्याचीच जाहिरात. यावर दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं १० ऑगस्ट २०२३ रोजी गूगल विरुद्ध डीआरएस लॉजिस्टिक्स या खटल्यात निकाल दिला. दुसऱ्याचं व्यापारचिन्ह कीवर्ड म्हणून वापरलं एवढ्यानंच उल्लंघन होत नाही, पण ग्राहकाची गफलत होत असेल तर ते उल्लंघन ठरू शकतं. आणि गूगल हा निव्वळ तटस्थ प्रेक्षक नाही, असं न्यायालयानं म्हटलं. ज्यांनी नावाची नोंदणी केली आहे, त्यांना दाद मागण्याचा रस्ता यातून मोकळा झाला.

जाहिरातीवर एक रुपयाही घालण्याआधी करायचं काम फुकट आहे. गूगल नकाशावर दुकानाची नोंद, जिला २०२१ पासून ‘बिझनेस प्रोफाइल’ म्हणतात. लातूरच्या गंजगोलाई या गोल बाजारपेठेत सोळा रस्ते येऊन मिळतात. गोलाईच्या तोंडावरच्या दुकानाला जे महत्त्व, ते मोबाइलवर नकाशातल्या पहिल्या तीन नोंदींना आहे. तिथं पोचायला भाडं लागत नाही. नाव पाटीवर आहे तेच हवं, व्यवसायाचा प्रकार अचूक हवा, वेळ खरी हवी, आणि दुपारी दोन ते चार दुकान बंद असेल तर तेही लिहायला हवं. पूर्वी खात्रीसाठी पोस्टानं कोड यायचा, आता बहुतेक वेळा दुकानाचा, पाटीचा व्हिडिओ मागितला जातो. या नोंदीसाठी गूगल पैसे घेत नाही. ‘गूगलमधून बोलतोय, पहिल्या नंबरवर आणतो, वार्षिक फी भरा’ असा फोन आला, तर तो ठेवून द्यावा.

गिऱ्हाइकांचे अभिप्राय ही दुसरी मोठी गोष्ट. पैसे देऊन लिहून घेतलेले अभिप्राय गूगल काढून टाकतं, आणि भारतीय मानक ब्युरोनंही नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी स्वतंत्र मानक जाहीर केलं आहे. वाईट अभिप्रायाला दिलेलं सभ्य, नेमकं उत्तर वाचून नवं गिऱ्हाईक दुकानाचा स्वभाव ओळखतं. भांडणारं उत्तरही तितक्याच जणांना दिसतं.

मात्र सगळं फुकटच्या जागेवर उभं करण्यात धोका आहे, आणि तो अनुभव ताजा आहे. बिझनेस प्रोफाइलमधून काही मिनिटांत तयार होणारी मोफत वेबसाइट गूगलनं बरीच वर्षं दिली होती. अनेक छोट्या व्यावसायिकांची तीच एकमेव वेबसाइट. मार्च २०२४ मध्ये गूगलनं ती सेवा बंद केली. १० जून २०२४ पर्यंत जुन्या पत्त्यावरून माणूस नकाशातल्या नोंदीकडं वळवला जात होता, नंतर तेही थांबलं. ज्यांनी तो पत्ता बिलांवर, व्हिजिटिंग कार्डांवर, दुकानाच्या पाटीवर छापला होता, त्यांच्या हाती काही उरलं नाही. त्याच वर्षी ३१ जुलैला प्रोफाइलमधली चॅटची सोयही गेली. स्वतःच्या नावाचा वेब पत्ता वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास मिळतो. एक पान असलं तरी चालेल, पण ते स्वतःचं असावं. गिऱ्हाइकांचे फोन नंबरही, त्यांच्या संमतीनं, आपल्या वहीत असावेत.

शोधाच्या पानाचं रूपही झपाट्यानं बदलतं आहे. ऑगस्ट २०२४ पासून भारतात गूगल इंग्रजी आणि हिंदी शोधांवर कृत्रिम बुद्धिमत्तेनं तयार केलेलं उत्तर सर्वांत वर दाखवू लागलं. माणसाला तिथंच उत्तर मिळालं, की तो खाली येत नाही. ‘तुरीची डाळ किती वेळ भिजवावी’ यावर लेख लिहून मिलच्या वेबसाइटवर माणसं आणण्याचे दिवस यामुळं कठीण झाले आहेत. ‘हुजूर साहिबजवळ आज रात्री खोली’ या शोधाचं मात्र तसं नाही. तिथं खोली हवी असते, उत्तर नव्हे. ठिकाणाशी बांधलेला धंदा या बदलात इतरांपेक्षा सुरक्षित आहे.

या बाजाराचा मालक एकच असणं ही गोष्ट नांदेड-लातूरच्या दुकानदारालाही भिडते. गूगलची मूळ कंपनी अल्फाबेट हिला २०२४ मध्ये मिळालेल्या सुमारे ३५० अब्ज डॉलरपैकी २६४ अब्जांहून अधिक जाहिरातींतून आले. भारतीय स्पर्धा आयोगानं २०१८ मध्ये शोधातल्या पक्षपाताबद्दल गूगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड केला होता. अमेरिकेत ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी शोधाच्या बाजारात गूगलनं बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निकाल दिला. स्पर्धेची भीती नसल्यानं जाहिरातींचे दर वाढवता आले, हाही त्यातला एक निष्कर्ष होता. म्हणून सगळा पैसा एकाच ठिकाणी घालू नये. जस्टडायल, इंडियामार्ट, २०१८ पासूनचं व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे पर्याय आहेत. आणि ‘एकमत’ किंवा ‘प्रजावाणी’ या स्थानिक दैनिकांतली छोटी जाहिरात अजूनही अशा घरांत पोचते, जिथं मोबाइलवर कुणी काही शोधत नाही.

शोधाच्या पानावर चोरही जाहिरात देतात. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्रानं एप्रिल २०२५ मध्ये यात्रेकरूंना सावध केलं होतं: केदारनाथचं हेलिकॉप्टर, चारधाम आणि सोमनाथची यात्री निवासं यांच्या नावानं खोट्या वेबसाइट आणि पैसे देऊन लावलेल्या जाहिराती चालवल्या जात होत्या. नांदेडसारख्या तीर्थाला हा इशारा तितकाच लागू होतो. लॉजमालकानं आपल्याच नावाचा शोध अधूनमधून घ्यावा. दुसऱ्याच नंबरची जाहिरात दिसली, तर गूगलकडं आणि १९३० या मदत क्रमांकावर तक्रार करावी.

शेवटी एक संधी, जिच्याकडं अजून पुरेसं लक्ष गेलेलं नाही. २०२४ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या तीन पिकांना भौगोलिक मानांकन मिळालं: बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर. गावाचं नाव मालाला कायद्यानं जोडलं गेलं. ‘तूरडाळ’ या शब्दावर देशभरचे व्यापारी बोली लावतात. ‘बोरसुरी तूरडाळ’ हे नाव वेगळं, नेमकं आणि त्या भागाचंच आहे. मात्र ते नाव पाकिटावर आणि जाहिरातीत वापरायचं, तर भौगोलिक मानांकन कायद्याखाली ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद करावी लागते. ती नोंद एकेका शेतकऱ्यालाही करता येते. २०२० मध्ये नियम बदलले, तेव्हा तिचं शुल्क ५०० रुपयांवरून १० रुपयांवर आलं. आधी ही नोंद, मग नकाशावर गावाची आणि शेतकरी गटाची जागा, मग पाकिटाचे फोटो आणि फोन नंबर असलेलं एक पान, आणि त्यानंतर तूर काढणीच्या हंगामात पुण्या-मुंबईपुरती लावलेली थोड्या पैशांची जाहिरात, असा क्रम ठेवला तर बोरसुरीच्या गटाला पहिल्याच हंगामात काम सुरू करता येईल.